पदरचं एक वाक्य

तीर्थस्वरूप आईस,
तुझ्या शेंडेफळाचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, खाण्याची आबाळ नाही. दादा अजून तसाच घोरतो का?

काल भाषांतराच्या तासाला हेडफोनवर एक परकी बाई लेकीशी बोलत होती. ती बोलेल ते लगेच मराठीत म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही. नंतर माझंच रेकॉर्डिंग ऐकलं, तर शेवटी मी म्हणतेय, "जेवलीस का गं?" त्या बाईने हे विचारलंच नव्हतं! आधी हसले, मग तेवढाच तुकडा पुन्हा लावून ऐकला.

मी एकच वाक्य घातलं. तू मात्र गुडघ्याचं विचारलं की "बराय" म्हणतेस आणि फोन दादाकडे देतेस. किती वाक्यं गाळतेस गं, आई?

तुझी,
धाकटी