वेगाने फिरलेल्या तबकडीबाबत

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, चाळीस वर्षे एका मासिकात शास्त्रीय गायनाच्या नव्या आणि पुन्हा निघालेल्या तबकड्यांची परीक्षणे लिहीत आलो. हे मृत्युपत्र मी शुद्धीवर असताना, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कानही तपासून घेतले आहेत. उजवा उत्तम, डावा कामचलाऊ. याआधीची दोन मृत्युपत्रे रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत.

कलम १. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलाला. त्याला गाण्यातले ओ की ठो कळत नाही आणि त्याने ते कधी लपवले नाही. तबकड्यांची कपाटे भिंतीपासून हलवू नकोस, असे मी लिहिणार होतो. पण घर त्याचे, तर भिंतही त्याचीच.

कलम २. सुमारे दोन हजार तबकड्या संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयाला, कलम ५ मधली एक सोडून. त्या उभ्या ठेवाव्यात; आडव्या रचल्या तर वाकतात. प्रत्येक वेष्टनात माझ्या परीक्षणाचे कात्रण आहे. ग्रंथपालांनी ते वाचणाऱ्याला कलम ४ देखील वाचायला द्यावे.

कलम ३. माझे स्टॉपवॉच दुसऱ्या मासिकातल्या परीक्षकाला, ज्याला आम्ही सगळे 'साखऱ्या' म्हणतो. त्याला आजवर एकही तबकडी वाईट वाटलेली नाही. निदान ती शेवटपर्यंत ऐकली की नाही, हे तरी त्याला कळेल.

कलम ४. माळ्यावरचा जुना रेकॉर्ड प्लेअर कोणालाही देऊ नये. कारण सांगणे भाग आहे.

एकतीस वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची पहिली तबकडी निघाली. नात्याकडे न बघता लिहितो, असा माझा लौकिक होता आणि मला तो फार प्रिय होता. मी लिहिले: "पट्टी उगाच चढवली आहे. आवाज पातळ लागतो. तानांत घाई इतकी, की गायिकेला गाडी गाठायची असावी. लेबलवर बावीस मिनिटे छापली आहेत, प्रत्यक्षात एकवीसच भरतात. कंपनीला वेळही धड मोजता येत नाही." लोक हसले. तिची दुसरी तबकडी निघाली नाही. ती माझ्याशी बोलायची थांबली आणि मी म्हणालो, सत्य कडूच असते.

गेल्या महिन्यात तीच तबकडी कंपनीने सीडीवर पुन्हा काढली आणि परीक्षणासाठी माझ्याकडेच पाठवली. बावीस मिनिटे, बरोबर. गाणे शांत होते, भरदार होते, आणि फार सुंदर होते. मी मेकॅनिकला बोलावले. त्याने माझा तेव्हाचा रेकॉर्ड प्लेअर उघडला आणि म्हणाला, "साहेब, मोटरवरची ही पुली या मशीनची नाहीच. जाड आहे, म्हणून तबकडी जोरात फिरते. कोणी बसवली?"

मीच बसवली होती, तिची तबकडी येण्याच्या थोडेच दिवस आधी, आणि मशीन घरीच दुरुस्त केली असे वर ऐटीत सांगतही फिरलो होतो. पुढे नवी मशीन घेतली, ही माळ्यावर गेली. त्या वर्षीची माझी परीक्षणे परवा काढून पाहिली. अकरा आहेत. नऊंत 'घाई' हा शब्द आहे. स्टॉपवॉच खरे सांगत होते. मी लेबलला खोटे ठरवले, पण मशीनवर संशय घेतला नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी कितीतरी गायकांवर वापरली आहे.

कलम ५. ~~ती तबकडी आणि सोबतचे बंद पाकीट माझ्या मृत्यूनंतर बहिणीला द्यावे.~~ खोडले आहे, खाली सही आहे. मसुदा तपासताना वकीलबाई म्हणाल्या, "हे मेल्यावर कळवून तुमचं ओझं उतरेल. त्यांचं काय?" दोन दिवसांनी मी बहिणीला फोन केला.

बहीण काल आली. चष्मा लावून हा मसुदा उभ्यानेच वाचला. कलम ४ दोनदा वाचले. मी माफी मागितली. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "एकतीस वर्षं मला वाटत होतं दादा, की तुझा कान खरा आहे. म्हणून गायची थांबले. तुझ्यावर रागावून नाही."

हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर बरे झाले असते की वाईट, ते मला सांगता येत नाही.

मी तबकडी पुढे केली. ती म्हणाली, "माझ्याकडे आहे. तू हे छाप. त्याच मासिकात, तेवढ्याच जागेत, तुझ्या नावानं. आणि पुढच्याच अंकात, तू मरायची वाट बघायला मला वेळ नाही."

मजकूर आज सकाळी संपादकांकडे दिला आहे. त्यात विनोद नाही.

कलम ६. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात. बहिणीला यातून काही नको आहे, म्हणून दोनपैकी एक साक्षीदार तीच.

ठिकाण: माझी पुढची खोली. दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला: मेकॅनिक. सही माझ्या देखत झाली. पुली काढून साहेबांच्या हातात दिली आहे.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. सही दादाने माझ्यासमोर केली. घाई केली नाही.