पासवर्ड संखे सरांकडे

४ ऑगस्ट, सोम.
बोईसर-पालघर रोजचंच, पण हल्ली जिना चढतानाच पाय भरून येतात. ग्रंथपाल संखे सर स्टाफरूममध्ये हजर. तपासणी समिती येतेय, आणि आपलं ई-ग्रंथालय कुणी उघडतच नाही. "मॅडम, पासवर्ड देऊन ठेवा, मीच तुमच्या नावाने आत-बाहेर करतो. वापराचा आकडा दिसला पाहिजे." सगळ्यांनी दिला. मीही. एकदाही उघडलेलं नाही मी ते. वेळ कुणाला आहे!
दुसऱ्या वर्षाला भातावरचा करपा रोग शिकवला. बारा वर्षांची तीच वही. पाठच आहे.

७, गुरु.
सुनीता भोये, विक्रमगडकडची, मागच्या बाकावरून: "मॅडम, तुमी सांगितलं ते औषध बंद झालंय. बाबांना मीच नाव लिवून दिलेलं. दुकानदार हसला, बाबा तसेच परत आले."
वर्ग हसला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "परीक्षेत वहीतलंच लिहायचं." खाली बसली बिचारी. तिकडे तिचं शेत करपतंय आणि मी परीक्षा सांगतेय.

११, सोम.
कहर! वापराच्या यादीत मी पहिली. प्राचार्य खूश. वीस तारखेला समितीपुढे दहा मिनिटं बोलायचं: ई-साधनांमुळे माझ्या शिकवण्यात झालेला बदल. संखे सरांना गाठलं. "अहो, तुमचा पासवर्ड सोपा, पटकन टाइप होतो. म्हणून तुमचाच जास्त वापरला."
कपाळ माझं!

१२, मंगळ.
उघडलं एकदाचं. माझाच पासवर्ड संखे सरांना विचारावा लागला, त्यांनी तो आणखी सोपा करून ठेवलेला. करपा शोधला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ते औषध कधीच बंद झालंय, त्याऐवजी काय वापरायचं तेही दिलंय.
बारा वर्षं. किती पोरांनी उतरवून घेतलं असेल... लाज वाटली. जेवण गेलं नाही.

१४, गुरु.
सुनीता सोमवारपासून नाही. तिची मैत्रीण म्हणाली, "ती दाखला काढणार हाय. बोलते, इथलं शिकलेलं घरी चालत नाय, मग कशाला यायचं?"
फोन केला. लागत नाही. दोनदा, तीनदा.

१९, मंगळ.
संखे सरांनी माझं भाषण लिहून आणलं. चांगलंय. त्यातल्या बाई फारच अभ्यासू आहेत, भेटायला आवडेल मला त्यांना.
थकले. उद्याचा दिवस एकदाचा उरकू दे.

२०, बुध.
सकाळी सुनीता आली, दाखल्याच्या अर्जावर माझी सही घ्यायला. म्हटलं, "चूक माझी होती गं." नव्या औषधाचं नाव लिहून दिलं. तिने चिठ्ठी नीट घडी करून ठेवली. "आता अर्धं शेत गेलं, मॅडम. पण वहीत सगळ्यांनीच तेच लिवलंय. त्यांना सांगाल ना?"
सही केली नाही, अर्ज ठेवून घेतला. तेवढ्यात शिपायाने तिलाही सभागृहात नेऊन बसवलं, खुर्च्या भरायला.
अकरा वाजता माझं नाव पुकारतील. अजून दहा मिनिटं आहेत. भाषण पर्समध्ये टाकलं, जुनी वही हातात घेतली. परत भाषण बाहेर काढलं.