निवाडा मंडळाचे सातवे कलम

४ जानेवारी

"तुझी बोटं ठेचतो, मग बघू कशी टाइप करतेस." — हे वाक्य आज आमच्या ज्ञानकोशाच्या चर्चापानावर सर्वांसमक्ष उमटले. लिहिणारा वादळ. खरे नाव कोणास ठाऊक. कोशावर तो याच टोपणनावाने वावरतो आणि त्याला जागतो. जिला उद्देशून लिहिले ती रुग्णालयात परिचारिका आहे. पाळी संपवून कोशातील वैद्यकाची पाने तपासते. त्याच्या चार नोंदींना आधार नव्हता म्हणून तिने त्या काढल्या. एवढाच तिचा अपराध.

हजारभर माणसे आंतरजालावर हा कोश मिळून लिहितात. एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, म्हणून जिभेला हाड उरलेले नाही. सभेने ठरविले — तीन पंचांचे निवाडा मंडळ नेमायचे आणि त्याची नियमावली मी लिहायची. "आजोबा, धर्मशास्त्र कोळून प्यायलेला आमच्यात दुसरा आहे कोण?" — इति कोशावरचा आमचा मुद्रितशोधक. मोठा गोडबोल्या गृहस्थ. इतिहासाची निम्मी पाने त्याचीच.

११ जानेवारी

सहा कलमे सहज उतरली. सातव्यासाठी चार दिवस बसलो. पंचाने आपले खरे नाव व राहता पत्ता मंडळाच्या पानावर लिहावा. दंड देणाऱ्याने बुरख्याआडून देऊ नये — आयुष्यभर हेच वाचले, हेच शिकविले.

परिचारिका पंच म्हणून निवडून आली आहे. तिचा फोन आला. "आजोबा, मी एकटी राहते हो. पत्ता राहू द्या ना."

"मुली, न्यायासनावर बसणाऱ्याला भय शोभत नाही."

ती हसली. "तुमच्यापुढे बोलायची सोय नाही." सायंकाळी तिने पत्ता लिहिला — इमारत, मजला, दाराचा क्रमांकसुद्धा. मला समाधान वाटले.

सूनबाई ताट वाढून दोनदा हाका मारून गेली. "बाबा, आधी जेवा. जगाची घडी मग बसवा."

२० जानेवारी

मंडळाचा पहिला निवाडा. वादळाला म्हणणे मांडण्यास तीन दिवस दिले होते; त्याने तीन शिव्या मांडल्या. वर्षभर लेखनबंदी. हुकमाखाली परिचारिकेची सही.

तासाभरात त्याचे उत्तर दुसऱ्याच्या मार्फत आले : "पत्ता वाचलाय मी."

तत्काळ पत्त्यांचे पान पुसले, सातवे कलम स्थगित केले. पान कोरे झालेले डोळ्यांनी पाहिले आणि मगच जपाला बसलो.

२ फेब्रुवारी

तिला मारले.

३ फेब्रुवारी

नीट लिहितो. लिहिल्यावाचून राहवत नाही.

काल दुपारी ती पाळीवरून परतली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक जण उभा होता. डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. एक शब्द बोलला नाही. लोखंडी पहार तिच्या गुडघ्यावर घातली. ती पडल्यावर उजवा हात पायरीवर दाबून धरला आणि बोटांवर पहारीचे घाव घातले — एकेका बोटावर, सावकाश. शेजारीण किंचाळत बाहेर आली तेव्हा तो पळाला. जिन्यावर रक्त इतके होते, की वर धावणारे दोघे त्यावरून घसरले.

रुग्णालयात गेलो. जेथे ती रुग्णांना सुया टोचते त्याच कक्षात ती निजली होती. दोन बोटे काढावी लागली. दाराशी मुद्रितशोधक रडत होता. त्याला आज प्रथमच पाहिले. "बोललेलं करून दाखवलं हो त्यानं. वादळच. दुसरा कोण असणार?"

ती एवढेच म्हणाली, "आजोबा, पत्ता पुसला होतात ना?"

पुसला होता. घरी येऊन सूनबाईला म्हटले, दाखव बरे. तिने पान उघडले, कोपऱ्यात एके ठिकाणी बोट टेकविले. "बाबा, इथे काही पुसलं जात नाही. प्रत्येक जुनी आवृत्ती राहते. ही बघा." तेथे सर्व होते. इमारत. मजला. दार. तेरा दिवस कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्याला खुले. बारा वर्षे या कोशावर लिहितो आहे; जुने पाठ त्याच कोपऱ्यातून शोधून शेकडो वेळा काढले आहेत. माझ्याच पानाला तो नियम लागू आहे, हे डोक्यात आले नाही.

४ फेब्रुवारी

देवापुढे बसलो. एकही मंत्र आठवला नाही. वादळाचा गळा आठवत राहिला, जो मी कधी पाहिलेला नाही.

९ फेब्रुवारी

तिची जागा रिकामी होती, ती मी घेतली. मंडळाच्या पानावर माझा पत्ता लिहिला — इमारत, मजला, दार. कोणी सांगितले नव्हते. सूनबाई संतापली. "हे प्रायश्चित्त नाही, बाबा. हा हट्ट आहे. त्याला घरी बोलावताय तुम्ही."

खरे आहे. बोलावतो आहे. दाराशी खुर्ची मांडली आहे आणि पितळी मुठीची काठी मांडीवर घेऊन दिवसभर बसतो. पोथी समोर उघडी असते. पान उलटत नाही.

१४ फेब्रुवारी

तो आला. सकाळी अकराच्या सुमारास. तिशीचा, किडकिडीत, काखेत हेल्मेट. "आजोबा, मी वादळ. मी नाही केलं, मला—" आणि त्याने हात जाकिटाच्या खिशात घातला.

काठी उलटी धरून मूठ कपाळावर हाणली. तो भिंतीवर आदळला. दुसरा घाव कानावर. हाड फुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. खाली पडल्यावर त्याने हात डोक्यावर घेतले. मी त्या हातांवर मारले. किती ते मोजले नाही. सूनबाईने मागून कवेत धरले तेव्हा माझ्या चष्म्यावर त्याचे रक्त होते आणि श्वास तरुणासारखा चालला होता. खोटे कशाला लिहू — आनंद झाला. इतक्या वर्षांच्या उपासनेत असा कधी झाला नव्हता.

पोलीस निरीक्षक आले, नमस्कार करून बसले. म्हणाले, "तुमच्या वयाला हे धारिष्ट म्हणायचं." मी जबानी दिली : त्याने खिशातून हत्यार काढले, ते मी पाहिले. सही केली.

१७ फेब्रुवारी

पोलिसांनी आज मुद्रितशोधकाला धरले. पहार त्याच्या माळ्यावर सापडली, कबूलही झाला. त्याने इतरांच्या ग्रंथांतून उचललेल्या पानांची यादी परिचारिकेने केली होती, ती मंडळापुढे यायची होती.

वादळ शुद्धीवर नाही. त्याच्या खिशात एक घडीचा कागद निघाला : तिची क्षमा मागणारे पत्र, स्वहस्ते लिहिलेले.

निरीक्षकांनी हळूच विचारले, "आजोबा, जबानीत काही बदल करायचाय?"

मी म्हणालो, नाही.