कासरा आणि सुकाणू

नील बेट, अंदमान
फेब्रुवारी १९९८

दादा,
सविनय जय भीम.

तुझं पत्र पोर्ट ब्लेअरले भेटलं. आपल्या गावात, बेल्यात, तू सांगून राह्यला का पंचफुला ट्रेनिंगले हैदराबादले गेली. काऊन रे? बहीण शाळेतून वर्षाची बिनपगारी रजा घेऊन मैत्रिणीच्या शिडाच्या होडीत बसली, या बेटावरून त्या बेटावर फिरून राह्यली, हे सांगाले लाज वाटते तुले?

पह्यल्याच दिवशी माझी फजिती झाली. लहानपणी बाबाजवळ बसून मी बैलबंडी हाकली. डावा कासरा ओढला का बैल डावीकडं वळत. मी सुकाणूचा दांडाही तसाच डावीकडं ओढला, तर होडी उजवीकडं वळून खडकावरच निघाली! माझी मैत्रीण वसंता ओरडली, अन् मी घाबरून होडीलेच "हो, हो, हो!" करून थांबवून राह्यली. वाचलो तवा दोघी पोट धरून हासलो. यजमान गेल्यापासून मी इतकी हासली नव्हती.

आता सुकाणू माझ्याच हाती असते. तू लिवतो, "लोकाले कळलं तर नावं ठेवतील, विधवेले हे शोभत नाई, पह्यल्या जहाजानं परत ये." कासरा ओढून पाहून राह्यला तू. मी बैल नाई, दादा. जितका डावीकडं ओढशील, तितकी मी उजवीकडं जाईन.

उद्या हॅवलॉकले निघतो. हे पत्र टपालपेटीत टाकत नाई. "कशी हायेस?" एवढं एकदा विचारलं असतं, तर उत्तर धाडलं असतं.

तुझीच,
पंचफुला