सारवणातल्या कमानी

प्रिय ताई,

स्वर्गात टपाल जात नाही, म्हणून निर्धास्त लिहितो.

किन्हवलीचं तुझं घर प्रणय आणि सूनबाई दिशा उन्हाळाभर नवं करताहेत. दिशा डाव्या हाताने वाढते, म्हणून मी तिला गमतीने सव्यसाची म्हणतो.

काल तुझी कुडाची भिंत पाडायची होती. प्रणयने टिकाव मारताच कोपरा ढासळला, रंगाचे पापुद्रे गळाले आणि खाली तुझ्या सारवणातल्या बोटांच्या कमानी दिसल्या. दिशाने त्यांत हात ठेवला.

"मामा, आई डावखुऱ्या होत्या?"

"कोणी सांगितलं?"

"उजवा हात बसत नाय यात. डावा बसतो."

तुला कधीच न पाहिलेली मुलगी. तरी तुझा डावा हात तिने ओळखला.

प्रणयने टिकाव खाली ठेवला. "राहू दे गो भिंत."

ढासळलेला कोपरा दिशाने लिंपून सारवला. आज तुझा हात कुठे संपतो, ते मला सापडत नाही.

तुझा धाकटा,
भगीरथ