मागच्या सीटवर पपा

७ जून, शनिवार

रेमी, माझा धाकटा भाऊ, येणार नाही. आज सकाळी पपांबरोबर सायकलच्या सहलीला निघायचं आणि साहेबांचा फोन काल संध्याकाळी – कंबर धरली आहे म्हणे. कंबर! गेल्या रविवारी जावयासारखा बसून बदकाच्या दोन तंगड्या खाल्ल्या, तेव्हा कंबर ठीक होती.

पपांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मग मारीझ, तू चालव." विचारलं नाही. सांगितलं.

सलूनच्या दारावर पाटी लावली, आठवडाभर बंद. आमच्या बेर्जराक गावातल्या माझ्या सगळ्या म्हाताऱ्या नाराज होणार. होऊ देत.

जोडसायकल पपांनी नजर गेल्यावर घेतली. त्यांना आता मधोमध काळा डाग दिसतो, आणि कडेने नुसत्या सावल्या. पुढे बसेल त्याच्या हातात हँडल, ब्रेक, गिअर. मागच्याने फक्त पॅडल मारायचं. घेतली ती अर्थातच रेमीसाठी. पुढची सीट त्याच्याच मापाची. माझे पाय जेमतेम टेकतात.

८ जून, रविवार

मागे बसलेला माणूस गप्प बसेल अशी माझी कल्पना होती. "गिअर उशिरा टाकलास." "ब्रेक कशाला? उतार आहे, जाऊ दे." "रेमी असता तर एव्हाना माथ्यावर असतो." तरुणपणी क्लबच्या शर्यती जिंकायचे, ते अजून अंगातून गेलेलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण चढावर पाय असे मारतो की सायकल मागून ढकलल्यासारखी जाते. हे कबूल करायचीही चीड येते.

सुट्टी जोडून आली आहे, नदीकाठच्या रस्त्यावर गर्दी. लोक आम्हाला बघून हसतात, हात हलवतात. किती छान, बाप-लेक! एका डच बाईने तर फोटो काढला. काढ बाई. तुझ्या फोटोत आवाज येत नाही.

९ जून, सोमवार

पाऊस. चढ. रेमी असता तर. रेमी असता तर. रेमी असता तर.

१० जून, मंगळवार

आज प्रत्येक किल्ल्यापाशी थांबायला लावलं. या खोऱ्यात डोंगर दिसला की त्यावर किल्ला असतोच. म्हणजे दर तासाला थांबा. "सांग, कसा दिसतोय?" त्यांनी हे सगळे पूर्वी पाहिलेले आहेत, आम्हाला लहानपणी दाखवलेले आहेत. तरी मी सांगायचं.

पहिल्याला म्हटलं, दगडाचा आहे. दुसऱ्याला म्हटलं, मोठा आहे. तिसऱ्यापाशी माझे गुडघे भरून आले होते, उन्हाने डोकं उठलं होतं. मी सांगितलं की दुरुस्ती चालली आहे, सगळा ताडपत्रीने झाकलाय. झाकलेला नव्हता. अक्रोडाच्या बागेवर नुसता उभा होता, बुरुजांवर ऊन. इतका देखणा की माझाच मला राग आला.

तेवढ्यात शेजारी एक बाई नवऱ्याला म्हणाली, अय्या, तो वरचा सज्जा बघ, तिथे कुंड्यांना पाणी घालणारी बाई उभी आहे! पपांनी ऐकलं. सायकलवर चढले आणि पॅडलवर पाय ठेवून वाट बघत बसले.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

११ जून, बुधवार

झालं एकदाचं.

सार्ला गावाच्या अलीकडे लांब चढ लागतो. चेन निसटली. चूक माझी असेल, गिअरची असेल, काय माहीत. हात काळे, घामाने डोळे चुरचुरतायत, आणि मागून – "रेमीने कधी चेन पाडली नाही."

मी खाली बसले होते तिथूनच बोलले. म्हटलं, "म्हणूनच आई गेली. तुमच्याबरोबर कोण राहील?"

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, रेमी सहाचा. मेली नाही, गेली. मार्चमधल्या एका सकाळी तिचा कोट खुंटीवर नव्हता. पपांनी एवढंच सांगितलं, ती परत येणार नाही. का, ते कधीच नाही. मला सांगायची गरज नव्हती. घरातला दुसरा मोठा माणूस कोण होता ते मला दिसत होतं. हे मी त्यांना पूर्वीही ऐकवलं आहे – माझ्या लग्नात, माझ्या घटस्फोटात. त्यांनी कधी नाकारलं नाही. आजही नाही. चेन बसेपर्यंत सायकल धरून उभे राहिले. मग म्हणाले, "चल, ऊन वाढतंय."

मुक्कामावर लसणाचं सूप होतं. त्यांनी नेहमीसारखी, आमच्याकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, तळाशी उरलेल्या सुपात वाइन ओतली आणि वाटी तोंडाला लावली. मी माझ्या खोलीत जाऊन जेवले.

१२ जून, गुरुवार

लिहून काढते.

दुपारी नदीकाठी सावलीत थांबलो. ब्रेड, बकरीच्या दुधाचं चीज, चेरी. पपा खात नव्हते. बी काढून नुसती चेरी हातात फिरवत होते. मग म्हणाले, "उद्या जे गाव लागेल, तिथे तुझी आई राहते."

मला वाटलं, उन्हाने काही तरी बरळतायत.

नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव आहे. तिथे ओडेट – आई – कित्येक वर्षांपासून राहते आहे. पर्यटकांना अक्रोडाचं तेल, साबण वगैरे विकायचं दुकान होतं तिचं. ज्याच्याबरोबर होती तो वारला. आता तिची फुप्फुसं गेली आहेत, फार दिवस नाहीत. तिने मला बोलावलं आहे.

"तुम्हाला कसं माहीत?"

"रेमीने सांगितलं."

रेमीने! म्हणजे रेमी तिला भेटतो! मी तिथूनच, पाण्याजवळ जाऊन फोन लावला. त्याने लगेच उचलला, वाटच बघत होता. हो म्हणाला. मोठा झाल्यावर त्याने तिला शोधून काढलं. वर्षातून दोनतीनदा जातो. नाताळला फोन करतो. कंबर धडधाकट आहे. "मला जमलं नसतं गं, तुला तिथे घेऊन जाणं. पपा म्हणाले, मी नेतो."

"मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

तो म्हणाला, "पपांना विचार." मी म्हटलं, तुलाच विचारतेय. त्याने फोन ठेवला.

म्हणजे सगळ्यांना माहीत. बापाला, भावाला, बहुतेक भावाच्या बायकोलाही. मी एकटी शहाणी, दर मार्चमध्ये खुंटीकडे बघणारी!

परत आले तर पपा तिथेच बसलेले. म्हणाले, "सांगायचं म्हणूनच निघालो होतो. रोज सांगणार होतो." मग जरा वेळाने, "तुला नसेल जायचं तर इथूनच वळू."

मी पुढच्या सीटवर बसले. मागे ते बसले. संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही. गिअरबद्दलसुद्धा नाही.

१३ जून, शुक्रवार

गेले होते.

पपा आत आले नाहीत. चौकात चर्चसमोर बाक आहे, तिथे बसवलं. म्हणाले, सावकाश ये.

घर छोटं, दारात जिरॅनियम. एका शेजारणीने दार उघडलं. आई खिडकीपाशी खुर्चीत, नाकात नळी. मी तिच्यात काही तरी ओळखीचं शोधत होते आणि सापडला तो माझाच जबडा. तिने माझा हात हातात घेतला. सलून कसं चाललंय विचारलं – म्हणजे रेमीने सगळं सांगितलेलं. मग, "रेमी नाही आला?" दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर दोन्ही वेळा तिची नजर दारावरून परत आली.

पण हसते छान. धाप लागते तरी हसते. दुकानात आलेल्या वेड्यावाकड्या पर्यटकांचे किस्से सांगितले, किल्ल्याला भूत आहे असं सांगून साबण कसे खपवले ते सांगितलं. मीही हसले. तासाभराने ती दमली. उद्या ये म्हणाली, अजून बोलायचं आहे.

चौकात आले. पपा तसेच बसलेले, ऊन सरकून त्यांच्या अंगावर आलेलं, बाजूला सरकायचंही सुचलं नाही. मला इतका संताप आला. ही हसरी बाई आमच्या घरात असती! मी म्हटलं, "एवढं काय केलंत तिला, की तिला मुलं टाकून जावं लागलं?"

ते म्हणाले, "पाणी आहे का?"

बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली. हातात दिली नाही.

१४ जून, शनिवार

आई टाकून गेली नव्हती. न्यायला परत आली होती, तीन आठवड्यांनी, त्या माणसाच्या गाडीतून. आज स्वतःच सांगितलं. हे बरोबर घेऊन मरायचं नाही म्हणाली. तिला फक्त रेमी हवा होता. "तू मोठी होतीस, अवघड होतीस. आणि त्याला दोन मुलं नको होती." पपा दारात उभे राहिले. म्हणाले, नेशील तर दोघांना ने, नाहीतर एकालाही नाही. ती निघाली तेव्हा गाडीपर्यंत आले आणि तिच्याकडे एकच गोष्ट मागितली – हे मारीझला कधी कळू देऊ नकोस. तिला काय समजायचं ते माझ्याबद्दल समजू दे.

बाहेर आले. पपा बाकावरून उठले, पावलांच्या आवाजाकडे तोंड करून.

"काय म्हणाली?"

"काही नाही. हवापाण्याचं."

"बरं," म्हणाले.

त्यांना माझा चेहरा दिसत नाही, हे आज पहिल्यांदा बरं वाटलं.