अकरा ओळींवरची सही

सोमवार, ५ जानेवारी १९८७

अकरा ओळी! पाच वर्षं खपून उभ्या केलेल्या माझ्या कर्नलला, अख्खं मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, आंजीच्या गोपिकाबाईंनी अकरा ओळींचं ठिगळ आणलंय. संगणक केंद्रात रुजू होऊन सात महिनेसुद्धा झाले नाहीत. आणि हात घातला कुठे? थेट मेमरीच्या नोंदीत! कोणत्या प्रोग्रामने किती मेमरी घेतली, परत दिली की नाही, यावर नजर ठेवणारा तो भाग. त्यातली ओळ न् ओळ माझी आहे.

"सर, जो प्रोग्राम मधातच बंद पडते, त्याची मेमरी त्याच्याच नावावर राहून जाते. परत येऊनच नाई राह्यली. असं पाच-सहा तास चाललं का मशीन अडकते."

अडकते म्हणे! पहिल्या वर्षी एकदा अडकलं होतं, तेही तेव्हाच्या ऑपरेटरच्या, हिरालालच्या, धसमुसळेपणामुळे. त्याला मी आठ दिवसांत घरी बसवला. त्यानंतर नत्थूजी आला. तेव्हापासून एकदाही नाही! रोज साडेनऊला सुरू, साडेपाचला बंद.

माझ्या सहीशिवाय कर्नलमध्ये काही जात नाही. कागद लाल पेनाने रंगवून परत केला. समास सोडलेला नाही. नावं आखूड. टाचणी वाकडी.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. बाईंनी तिळगूळ दिला, आणि पुडीखाली तोच कागद! गोड बोला म्हणे. नाही बोललो.

पण वाचला. आणि चूक सापडली! मेमरीचा एकच तुकडा दोन प्रोग्राम वापरत असतील, तर एक बंद पडल्याबरोबर हिच्या ओळी दुसऱ्याच्याही हातून तो काढून घेतात. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा चेहरा पडला. फार बरं वाटलं. नालवाडीला घरी जेवायला गेलो तर दोन पोळ्या जास्त गेल्या. बायको म्हणाली, "आज कोणाले रडवलं?"

शुक्रवार, १६ जानेवारी

दुरुस्त करून आणलं! तुकड्याचे वाटेकरी किती ते मोजायचे, शेवटचा गेला की मगच परत घ्यायचा. तेरा ओळी झाल्या. तीनदा वाचलं. चूक नाही.

सही केली नाही. "काऊन, सर?" विचारते तोंड वर करून. गरज नाही म्हणून!

"मग एक रात्र मशीन चालू ठेवून पाहू द्या." साडेपाचनंतर एक मिनिट नाही, म्हणालो. नियम म्हणजे नियम.

मंगळवार, २० जानेवारी

माझ्या डोक्यावरून संचालकांकडे गेली! पुंडलिकरावांनी गुरुवारी दोघांना बोलावलंय. दोन फेब्रुवारीला मशीन इस्पितळात जाणार. तिथे रात्रंदिवस चालेल, कोणत्या रोग्याला कोणतं औषध कधी द्यायचं ते त्यावरच. "तिथं अडकलं तर?" असं लेखी विचारलंय बाईंनी. माझ्या पाच वर्षांवर शंका, आणि तीही लेखी! आता एक तर ती राहील, नाही तर मी.

गुरुवार, २२ जानेवारी

जिंकलो.

पुंडलिकराव म्हणाले, "बाई, कागद राहू द्या. मशीन अडकलेलं एकदा तरी कोणी पाहिलं का?"

मीही टेबलावर हात आपटला. चार वर्षांत एकदा! एक दिवस सांगा!

ती उघड्या दाराकडे पाहत राहिली. तिथे नत्थूजी चहाचा ट्रे घेऊन उभा, गाढवासारखा, आत यायचंही सुचेना त्याला. कप नुसते वाजत होते. मग मान खाली घालून म्हणाली, "नाई सर. मी सांगू नाई शकत."

सांगणार काय कपाळ! 'उद्धट, कर्नलच्या कामास अयोग्य, कमी करावे' — शेरा मी तिथेच लिहून दिला. पुंडलिकराव जरा घुटमळले. पण केली सही.

शनिवार, २४ जानेवारी

गोपिका गेली. माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नत्थूजीला मात्र वाकून नमस्कार! मला नाही, ऑपरेटरला!

मंगळवार, २७ जानेवारी

नत्थूजी नातवाचा नवस फेडायला गिरडला गेलाय, दोन दिवस रजा. मशीन मीच सुरू केलं. जेवणाच्या सुट्टीत खोलीत तो एकटाच असतो, आज कोणीच नाही, म्हणून कुलूप लावून घरी गेलो.

तीन वाजून दहा मिनिटांनी मशीन अडकलं. व्होल्टेज. दुसरं काय असणार!

बुधवार, २८ जानेवारी

तीन वाजून पाच मिनिटं. व्होल्टेज तपासलं होतं. ठीक होतं.

तिचा कागद टोपलीतून काढून पुन्हा वाचला. जेवण गेलं नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

नत्थूजी आला. विचारलं. दारातूनच म्हणाला, "तुमी जेवाले गेले का मी रोज मशीन बंद करून पुन्हा चालू करतो, साहेब. चार वर्सं झाले. हिरालाल जाताना सांगून गेलता, अडकलं का साहेब आपल्यालेच घालवते म्हणून."

गोपिकाबाईंना ठाऊक होतं?

"त्याइनं पाह्यलं होतं मले करताना. मी हात जोडले. मले रिटायर व्हाले दोनच वर्सं राह्यले, बाई, साहेबाले सांगू नका. त्या म्हणे, नाई सांगत."

मी ओरडलो नाही. तोवर त्याने मशीन खोलीच्या किल्ल्या कमरेच्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या होत्या.